उनकेश्वरला एक मुक्काम

आपल्या कार्यक्रमात कधी रक्तवाढीचं सांगतात, कधी परसबागेचं, कधी कर्जाच्या हप्त्याचं. ते सगळं कामाचंच आहे. पण आज मी तुम्हाला काम सांगायला आलेली नाही. आमच्या बचत गटाच्या अकरा बाया माघ महिन्यात उनकेश्वरला गेल्या, ऊन पाण्यात बसल्या, एक रात्र मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी घरी आल्या. एवढीच गोष्ट आहे. ती सांगते.

आधी नावाचं सांगते, कारण मला ते फार आवडलं. आपण म्हणतो ना, “बस माय, ऊन ऊन भाकर खाऊन जा.” नाहीतर न्हाणीतून ओरडतो, “पाणी ऊन झालं का गं?” ऊन म्हणजे गरम. शहरातल्या लेकरांना ऊन म्हणजे फक्त सूर्याचं माहीत, पण आपल्या बोलीत हा शब्द अजून चुलीजवळ बसलेला आहे. जिथं जमिनीतून गरम पाणी निघतं, तिथं जुन्या लोकांनी हाच शब्द ठेवला. आपल्या किनवट तालुक्यात उनकेश्वर. कोकणात पालीजवळ उन्हेरे, दापोलीकडे उन्हवरे. सातपुड्याच्या पायथ्याला उनपदेव. बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात, पण गरम पाण्याला सगळ्यांनी सारखंच नाव दिलं.

आता जाण्याचं कसं ठरलं ते. दिवाळीच्या आधीची बैठक होती. सोयाबीनच्या काढणीनं सगळ्यांच्या कमरा धरलेल्या. कोणी मान दाबतंय, कोणाचा गुडघा वाजतोय. त्यात एकजण म्हणाली, “एकदा नुसतं गरम पाण्यात बसून राहावं वाटतं गं. कोणी हाक मारू नये.” सगळ्या हसल्या. मग हसणं थांबलं. कारण ज्याला त्याला कळलं की आपल्यालाही तेच वाटतं.

मी त्या बैठकीत एक प्रश्न विचारला, तुम्हीही तुमच्या गटात विचारून बघा. लग्न झाल्यापासून घराबाहेर किती रात्री काढल्या? उत्तरं आली ती अशी: बाळंतपणाला माहेरी, लग्नाला, मयतीला, आणि दवाखान्यात कोणाच्या तरी उशाशी बसून. माहूरला नाहीतर पंढरपूरला गेलेल्या होत्या, पण घरच्या सगळ्यांना घेऊन, म्हणजे सैपाकाचं बोचकं डोक्यावरच. नुसतं स्वतःसाठी, काही निमित्त नसताना, एक रात्र? अकरापैकी एकीलाही आठवेना. आमच्यातली सगळ्यात थोरली सत्तरीची आहे.

पैशाचं आम्ही आधीच पक्कं केलं. गटाच्या बचतीला हात लावायचा नाही. ती लेकरांच्या फीची, बियाण्याची, अडीनडीची. सहलीचा डबा वेगळा. महिन्याला पन्नास रुपये, आठ महिने. अकरा जणींचे झाले चार हजार चारशे. आषाढापासून एक छोटा डबा आमच्याकडे भरतच होता, साडी घ्यायची म्हणून. दिवाळीला सर्वांनी मिळून साडी रद्द केली आणि त्याच डब्याला उनकेश्वरचं नाव दिलं. आमच्या उमरीचं एक गमतीचं आहे. बाहेरगावच्या म्हाताऱ्यांना उमरी म्हटलं की १९४८ सालची बँकेची लूट आठवते, निजामाच्या राज्याविरुद्ध लढणाऱ्यांनी केलेली. आमच्या मालकांचे काका ती गोष्ट रंगवून सांगतात. मी त्यांना म्हणते, तुम्ही बँक लुटल्याचं सांगा, आम्ही पन्नास-पन्नास रुपयानं भरत राहतो.

खरी अडचण पैशाची नव्हती. “कोण कोण जाणार? पुरुष माणूस सोबत कोण? रात्रीचं काय काम?” हे तीन प्रश्न अकरा घरांत विचारले गेले. एकीच्या घरी तर आठ दिवस बोलणं बंद होतं. आम्ही भांडलो नाही. आम्ही कागद केला. कोणत्या दिवशी निघणार, कुठं थांबणार, कोणाचा फोन चालू राहणार, परत कधी. आणि दोन दिवस घरात काय लागेल ते प्रत्येकीनं आपल्या घरापुरतं मांडलं. पीठ कुठं, डाळ कुठं, गाईचं दूध कोण काढणार. एका घरी सासऱ्यांनीच सांगितलं की भाकरी मी टाकतो, माझी माय गेल्यावर मीच टाकत होतो. त्यांच्या सुनेला हे बारा वर्षांत पहिल्यांदा कळलं.

दिवस असा धरला की येळवस आणि संक्रांत होऊन गेलेली, तुरीची रास घरात आलेली, आणि हळद काढायला अजून वेळ. शिवरात्र टाळली. शंकराचं ठिकाण, त्या दिवशी गर्दी असणारच, आणि आम्हाला तर शांत बसायचं होतं.

जाताना आम्ही रेल्वेनं गेलो. उमरीहून मुदखेड, मुदखेडला आदिलाबादकडची गाडी. भोकर, हिमायतनगर, सहस्रकुंड, किनवट. गाड्यांच्या वेळा बदलतात, त्या स्टेशनवर विचारून घ्या. परत येताना एसटी. मार्च २०२३ पासून आपल्या राज्यात सगळ्या बायांना एसटीचं अर्धं तिकीट आहे, आणि पंच्याहत्तरी पार केलेल्यांना तिकीटच नाही, हे माहीत असूनही किती बाया अजून घरीच बसतात. किनवटपासून पुढं जीप केली. चार हजार चारशेमधला मोठा वाटा तिनंच खाल्ला, पण अकरा जणी आणि त्यांची गाठोडी म्हटल्यावर दुसरा उपाय नव्हता.

हिमायतनगर सुटलं की खिडकीतून मुलूख बदलायला लागतो. आपल्याकडची काळी सपाट रानं मागं राहतात, डोंगर सुरू होतात, सागाची झाडी येते. गोंड, कोलाम, आंध लोकांच्या वस्त्या, बंजाऱ्यांचे तांडे. बाजारात मराठीच्या मागोमाग तेलुगू ऐकू येते, तशी ती आपल्या उमरीतही येते म्हणा. हा किनवट तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता, मग नांदेडला जोडला. थोरल्या मावशी म्हणाल्या, “म्हणजे माझ्या लहानपणी हे परक्याचं होतं आणि आता आपलं आहे. मग बघून घ्यायला पाहिजे.”

उनकेश्वर पैनगंगेच्या काठाला आहे. देऊळ आहे आणि गरम पाण्याची कुंडं आहेत. लोक सांगतात की शरभंग ऋषींना अंगाचा मोठा रोग झाला होता, वनवासात रामराया इकडं आले, त्यांनी बाण मारला आणि जमिनीतून गरम पाणी निघालं. त्या पाण्यानं ऋषी बरे झाले. म्हणून कातडीचे आजार असलेले लोक लांबून लांबून इथं येतात, महिनामहिना राहतात. पाण्याला गंधकाचा वास आहे. पहिल्यांदा नाकाला झोंबतो, नासक्या अंड्यासारखा. थोड्या वेळानं नाक त्याला सरावतं.

पाण्यात उतरायच्या आधी आम्ही बाहेर साध्या पाण्यानं अंग धुतलं. साबण तिथंच, कुंडात नाही. जपान देशात अशी गरम पाण्याची हजारो ठिकाणं आहेत, तिथं हाच नियम कडक पाळतात. आधी स्वच्छ आंघोळ, मग कुंडात, आणि कुंडात फक्त बसायचं. तिथल्या बायका मैत्रिणींसोबत खास त्यासाठी डोंगरात जातात, रात्र मुक्काम करतात आणि त्यात कोणाला नवल वाटत नाही. आपल्याकडंही काही कमी नाही. हिमाचलात मणिकर्णला पाणी इतकं उकळतं की तांदूळ फडक्यात बांधून सोडले की भात तयार. आमच्यातली एक म्हणाली, “बघा, तिथंही बाईला सैपाकच आठवला असेल.”

लाजेचं सांगितलं पाहिजे, कारण त्याच्याचसाठी कितीजणी जात नाहीत. आम्ही दोन जाड चादरी नेल्या होत्या. चार जणींनी चार कोपरे धरले की झाली खोली. तरण्या पोरींनी गाऊन घातले, थोरल्या लुगड्यावरच उतरल्या. वाटेतच एकीची पाळी आली. ती म्हणाली, मी काठावर बसते. कोणी म्हणालं चालतंय, कोणी म्हणालं देवाचं ठिकाण आहे. वाद वाढवायला कोणी आलं नव्हतं. दोघींनी दोन बादल्या गरम पाणी आणलं, चादर धरली आणि तिनं आडोशाला निवांत आंघोळ केली. आमच्यापेक्षा जास्त वेळ तिनंच घेतला.

पाण्यात बसल्यावर काय होतं ते कसं सांगू. पहिल्यांदा पाय चटकतात. मग गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. एकदम बसायचं नाही. आणि मग असं वाटतं की अंगातलं ओझं पाण्यानं धरलं. ते खरंच तसं असतं. पाण्यात आपलं वजन हलकं होतं, गुडघ्यावरचा भार उतरतो, आणि उबेनं आखडलेलं मांस सैल पडतं. बोलक्या बाया गप्प झाल्या. कापूस वेचून ज्यांच्या बोटांना चिरा पडलेल्या, त्या बोटं पाण्याखाली उघडझाप करून बघत होत्या. एकजण रडायला लागली. काय झालं विचारलं तर म्हणाली काही नाही. आम्ही पुन्हा विचारलं नाही.

थोरल्या मावशींना मात्र शंका होती. १९९३ साली किल्लारीला जमीन हलली, त्या पहाटेपासून त्यांना जमिनीतल्या कुठल्याही गोष्टीची धास्ती आहे. “खाली आग आहे का गं? फुटणार तर नाही?” माझी लेक भूगोल शिकते, तिच्याकडून मी समजून आले होते, ते सांगितलं. खाली ज्वालामुखी नाही. पावसाचं पाणी दगडाच्या भेगांतून खोल खोल उतरतं. जमिनीत जितकं खाली जावं तितकी उष्णता वाढते, दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश. खोल गेलेलं पाणी तिथं तापतं, आणि एखादी मोठी भेग सापडली की तिच्यातून जोरानं वर येतं. येताना दगडातला गंधक, क्षार सोबत घेऊन येतं. असे झरे शेकडो वर्षं वाहतात. आज पाणी गरम आहे म्हणून उद्या भूकंप, असं काही नसतं. मावशी म्हणाल्या, “म्हणजे धरणीमायच्या चुलीवर रांजण ठेवलाय.” मला तरी याच्यापेक्षा सोपं सांगता येणार नाही.

आता जरा कान देऊन ऐका, कारण पाणी चांगलं असलं तरी सगळ्यांना चालत नाही. एका वेळेला दहा-पंधरा मिनिटं पुरे. गरम पाण्यानं रक्तदाब खाली येतो, म्हणून ज्यांना बीपीची गोळी चालू आहे किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं, आणि उठताना कोणाचा तरी हात धरावा, चक्कर येते. साखरेचा आजार असलेल्यांच्या तळपायाला कधी कधी जाणीव कमी असते, पाय भाजला तरी कळत नाही. त्यांनी हातानं पाणी बघावं, पायानं नाही. दिवस गेलेल्या बाईनं गरम कुंडात बसू नये. उघडी जखम असेल तर नको. डोकं बुडवू नका, नाकात पाणी जाऊ देऊ नका. आणि तीर्थ म्हणून घोट घोट पिऊ नका. अशा झऱ्यांच्या पाण्यात फ्लोराइड पुष्कळ असू शकतं, ते दातांना आणि हाडांना वाईट. प्यायला घरचं पाणी न्या, आणि ते भरपूर प्या. गजकर्ण असेल तर टॉवेल, कपडे कोणासोबत वाटू नका, नाहीतर एकीचं गजकर्ण अकरा घरी जाईल.

याच्याच पुढची एक गोष्ट, जी सांगू का नको असं मला दोन दिवस वाटत होतं. काठावर एक बाई बसलेली होती, पस्तिशीची असेल. आम्ही दशम्या सोडल्या तेव्हा तिला बोलावलं. ती लांबच बसली. मग बोलता बोलता कळलं की हातावर एक फिकट चट्टा होता, चार वर्षांपूर्वीपासून. घरच्यांनी इथं आणलं, आंघोळी केल्या, चट्टा तसाच. आता तिच्या दोन बोटांना ताकद राहिली नव्हती. चट्ट्यावर काही कळतं का, मी विचारलं. ती म्हणाली, “चुलीचा चटका बसला तरी कळत नाही.”

मायबहिणींनो, गंधकाचा कातडीला उपयोग होतो, खरजेवर गंधकाचं मलम डॉक्टरही देतात. गरम पाण्यानं खाज कमी वाटते, अंग हलकं होतं. पण ज्या चट्ट्याला खाज नाही, आणि जिथं टोचलेलं, भाजलेलं कळत नाही, तो कुष्ठरोगाचा असू शकतो. तो कुठल्याही कुंडानं जात नाही. त्याच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, सहा महिने किंवा बारा महिने घ्यायच्या, आणि रोग बरा होतो. लवकर घेतल्या तर बोटं वाकत नाहीत. गोळ्या सुरू झाल्या की त्या माणसापासून दुसऱ्याला लागण व्हायचंही लवकरच थांबतं. म्हणजे वाळीत टाकायचं काही कारण नाही. आणि एक लक्षात ठेवा, पांढरे शुभ्र कोडाचे डाग वेगळे, तो कुष्ठरोग नव्हे, तो कोणाला लागतही नाही. आमच्यात एक आशाताई होत्या. त्यांनी त्या बाईशी बाजूला बसून अर्धा तास बोलणं केलं, तिच्या गावच्या आशाताईचा पत्ता लावला, फोन केला. ती आमच्या ताटात जेवली. पुढं तिनं गोळ्या सुरू केल्याचा निरोप आला. गेलेली ताकद किती येईल ते डॉक्टर बघतील.

मुक्काम आमच्यातल्याच एकीच्या माहेरी, किनवटजवळच्या गावात होता. इथं मी एका गोष्टीवर अडून बसले होते. आपण अकरा जणी विसावा घ्यायला जाणार आणि तिची भावजय अकरा जणींच्या भाकरी थापणार, हे चालणार नाही. मग आपला विसावा कसला, दुसऱ्या बाईच्या कमरेवर बसून घेतलेला. म्हणून धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, लाडू, सगळं घरून बांधून नेलं. ओसरीत आपापल्या वाकळा टाकल्या. भावजयीला आम्ही पान वाढून दिलं. ती तीनदा उठली, तीनदा तिला खाली बसवलं. सकाळी चहा मात्र तिनं ऐकलं नाही, केलाच.

रात्री काय केलं विचाराल, तर काहीच नाही. ओसरीत थंडी होती, एकमेकींना चिकटून पडलो. जात्यावरच्या ओव्या कोणाला किती आठवतात बघितलं, थोरल्या मावशींनाच आठवल्या, तरण्या पोरींना दोन ओळींच्या पुढं जाईना. मग कोणी सासरचं काढलं, कोणी पहिल्या लेकराचं. एकीनं सांगितलं की तिला शिवणाचं दुकान टाकायचं आहे, तीन वर्षं एका गटात बसतो आणि आम्हाला ते माहीत नव्हतं. बैठकीत हप्ता, सही, व्याज यातच वेळ जातो. नवाच्या पुढं फोन फक्त एकदा वाजला. “मिठाचा डबा कुठंय?” असं विचारायला. सगळ्या इतक्या हसल्या की घरातला कुत्रा भुंकायला लागला.

आणि झोप लागली. पहाटे चारला माझे डोळे आपोआप उघडले, इतक्या वर्षांची सवय. आजूबाजूला बघितलं तर सात-आठ जणी डोळे उघडून पडलेल्या. कोणी उठलं नाही. उजाडेपर्यंत तशाच पडून राहिलो.

येताना वेळ होता म्हणून सहस्रकुंडला उतरायचं ठरत होतं, पण माघात धबधब्याला पाणी कमी असतं, ते पावसाळ्यात किंवा पावसाळा सरताना बघायचं. माहूरही जवळच, पण तिथं पायऱ्या आहेत आणि गुडघे नुकतेच मोकळे झालेले. राहू दिलं. सरळ भोकर आणि मग उमरी. माझ्या कमरेला आलेला आराम दोनच दिवस टिकला, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्या पाण्यानं सगळं कायमचं बरं होतं असं मी सांगणार नाही.

घरात काही मोडलं नव्हतं. एका घरी दूध उतू गेलेलं, एका घरी लेकरं दोन्ही वेळा खिचडीच खाऊन होती आणि खूश होती. ज्या घरी आठ दिवस बोलणं बंद होतं, तिथं नवऱ्यानं विचारलं, “पाणी खरंच गरम होतं का?” तिनं सांगितलं, होतं.

सहलीच्या डब्यात तीनशे चाळीस रुपये उरले. त्याच्यावर आता पुढच्या वर्षाचे पन्नास-पन्नास पडायला लागलेत. या खेपेला गटाबाहेरच्याही बाया विचारतात, जीपमध्ये किती जागा आहेत म्हणून. पहिली नोट आमच्या आत्याबाईंनी आणून दिली, माझ्या सासूबाईंनी. ज्यांनी विचारलं होतं, रात्रीचं काय काम. नोट देताना त्या फक्त एवढंच म्हणाल्या, “मला खिडकीजवळ बसव.”